वकीलपत्रावर सही करण्याआधी

इशाच्या नमाजनंतर मदरशाच्या हॉलमध्ये माणसं जमली. पहिली पंधरा मिनिटं कुणीच मुद्द्याचं बोललं नाही. चहा आला, कप रिकामे झाले, कुणी पावसाची चौकशी केली. मग एका चाचांनी पिशवीतून पावती काढून सतरंजीवर ठेवली. तिच्याकडे बघून दुसऱ्याने आपली ठेवली. बघता बघता बावीस पावत्या झाल्या. माणसं मात्र सत्तावीस होती.

प्रत्येकी 92 हजार रुपये, पंधरा दिवसांचा उमरा, हरमपासून चालत जाण्याच्या अंतरावर हॉटेल, घरगुती जेवण. रबिउल अव्वलमध्ये निघायचं ठरलं होतं. ते रबिउल आखरवर गेलं, मग जमादिल अव्वलवर. त्यानंतर टूरवाल्याचा फोन लागेना आणि जिल्ह्याच्या ऑफिसचं शटर खाली ते खालीच. सगळ्यांचे मिळून 24 लाख 84 हजार रुपये. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात ही रक्कम म्हणजे काही घरांची आयुष्यभराची बचत.

आमचं स्वतःचं दुःख आणखी एक होतं. या टूरवाल्याचं नाव गल्लीत आम्हीच सांगितलं होतं. शाळेतल्या एका सहकाऱ्याचे अब्बा त्याच्याबरोबर जाऊन सुखरूप आले होते, एवढ्या भांडवलावर. शिवणकाम करणाऱ्या आमच्या शेजारच्या खाला त्या शब्दावर गेल्या. साड्यांना फॉल-पिको करून नऊ वर्षांत साठवलेले पैसे त्यांनी टूरवाल्याच्या गावातल्या माणसाच्या हातात रोख दिले. पावती मागायला त्यांना संकोच वाटला. उमऱ्याच्या पैशाची काय पावती मागायची, असं त्या म्हणाल्या होत्या. ज्या पाच जणांकडे पावती नव्हती, त्यांत त्या एक.

कुरआनातली सर्वांत लांब आयत ही देवाणघेवाण लिहून ठेवण्याबद्दलची आहे, सूरह बकरातली. मुलांना आम्ही हे दरवर्षी सांगतो. स्वतःच्या गल्लीत सांगायला विसरलो.

पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्यायची, यावर दुमत नव्हतं. ती दिली. पण पोलीस केस आरोपीला शिक्षा व्हावी म्हणून चालते. पैसे परत मागायचे तर दुसरा रस्ता धरावा लागतो, आणि सत्तावीस जणांनी तो एकत्र धरायचा तर वकील एकच लागणार. तो कसा निवडायचा, यात आमचे दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत जे पाहिलं ते या वेळी लिहीत आहोत, कारण फ्लॅट, भिशी, सोन्याची स्कीम, टूर, कुठल्या ना कुठल्या निमित्ताने आपल्या मोहल्ल्यांत अशा पावत्या सतरंजीवर पडतच असतात.

पहिले आले ते मुंबईच्या एका लॉ फर्मचे प्रतिनिधी. आम्ही बोलावलं नव्हतं. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोहोचली कोण जाणे. कोट, टाय, हातात टॅब. बोलणं मात्र अगदी घरच्यासारखं. फी एक रुपयाही नाही, म्हणाले. पैसे मिळाले तर तीस टक्के आमचे, नाही मिळाले तर तुमचं काहीच गेलं नाही. शेजारच्या तालुक्यांतले लोकही जोडा, शंभर झाले की दाव्याला वजन येतं. आणि छापील वकीलपत्रांचा गठ्ठा पुढे केला. नाव, तारीख, न्यायालय, सगळ्या जागा कोऱ्या. फक्त खाली सही करायची.

हॉलमध्ये किती हलकं वाटलं ते कबूल केलं पाहिजे. ज्याचं सगळं बुडालंय त्याला 'फी नाही' हे शब्द थंड पाण्यासारखे वाटतात. सात-आठ जणांनी पेन काढलेही होते. तेवढ्यात तहसील कचेरीतून निवृत्त झालेल्या चाचांनी विचारलं, "तुमचा सनद नंबर काय, साहेब?" गृहस्थ हसून म्हणाले, "मी स्वतः वकील नाही, मी मार्केटिंग बघतो."

पेन खिशात परत गेले. नंतर आम्ही शोध घेतला तेव्हा कळलं की चाचांच्या एका प्रश्नात सगळं आलं होतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे आपल्या देशात वकिलाला जाहिरात करता येत नाही, दलालामार्फत काम मिळवता येत नाही, आणि निकालावर अवलंबून फी किंवा मिळालेल्या रकमेत वाटा ठरवता येत नाही. म्हणजे न बोलावता आलेला माणूस, त्याचं मार्केटिंग आणि त्याचे तीस टक्के, तिन्ही गोष्टी नियमाबाहेरच्या. आणि जो करार नियमात बसत नाही तो कागदावर येत नाही. उद्या तिसाचे चाळीस झाले तर आम्ही दाखवणार काय?

तीस टक्के म्हणजे आमच्या रकमेतले जवळजवळ साडेसात लाख, हा हिशेबही त्या रात्री कुणी केला नव्हता. आठवीच्या पोरांकडून शेकडेवारी करून घेणाऱ्या आम्हीसुद्धा नाही.

ही टक्क्यांची पद्धत अमेरिकेत कायदेशीर आहे. तिथे हजारो लोकांच्या वतीने एक दावा चालतो, त्याला क्लास ॲक्शन म्हणतात, आणि वकील मिळालेल्या रकमेतून फी घेतो. पण तिथे त्या सगळ्यांचा वकील कोण, तडजोड रास्त आहे का, फी किती द्यायची, हे न्यायाधीश तपासून मंजूर करतो. आमच्याकडे आलेल्या गृहस्थांनी तिकडचा टक्का आणला होता, तिकडचा पहारेकरी आणला नव्हता.

2 डिसेंबरला शाळेत राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन असतो. भोपाळच्या आठवणीत तो पाळतात. त्या वर्षी फळ्यावर माहिती लिहिण्यासाठी पुस्तकं चाळताना आम्ही थांबलो, कारण आमच्या हॉलमधलं चित्र तिथे फार मोठ्या आकारात होतं. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला. काही दिवसांतच अमेरिकेहून वकील विमानाने भोपाळला उतरले. घरातली माणसं दफन करून आलेल्या, डोळे सुजलेल्या लोकांकडून त्यांनी इंग्रजी कागदांवर सह्या आणि अंगठे घेतले. पुढे 1985 मध्ये भारत सरकारने कायदा करून पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. कारण समजण्यासारखं होतं. पण मग पीडितांना वकील निवडायचा प्रश्नच उरला नाही. न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी 1986 मध्ये खटला भारतात पाठवला. इथे सरकारने मागणी केली 330 कोटी डॉलरची. आणि फेब्रुवारी 1989 मध्ये तडजोड झाली 47 कोटी डॉलरवर. ज्यांच्या फुप्फुसांचा तो सौदा होता, त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं. ती रक्कम वाढवून मिळावी म्हणून सरकारने नंतर केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये फेटाळली. म्हणजे चौतीस वर्षांपूर्वी न विचारता झालेली ती एक तडजोड शेवटपर्यंत टिकली.

भोपाळचीच दुसरी एक गोष्ट आम्हाला जास्त उपयोगी पडली. अब्दुल जब्बार हे स्वतः वायुपीडित. त्यांनी गॅसपीडित महिलांची संघटना उभी केली. यादगार-ए-शाहजहानी पार्कमध्ये दर शनिवारी बायकांची सभा भरायची. बुरखे घातलेल्या, शिकलेल्या-न शिकलेल्या बायका यायच्या, दाव्याचं कुठवर आलं ते ऐकायच्या, स्वतः बोलायच्या. हे वर्षानुवर्षं चाललं. 2019 मध्ये जब्बारभाई गेले, आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ते वकील नव्हते. पण दाव्यातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला आज कोर्टात काय झालं हे कळलं पाहिजे, ही गोष्ट त्यांनी धरून ठेवली.

आमचा वकील कसा असावा याचं माप आम्हाला तिथे सापडलं. खालांच्या प्रश्नाला जो उत्तर देईल तो.

या मापाने दुसरे वकील गेले. जिल्ह्यातलं मोठं नाव, तीस वर्षांची वकिली, पुस्तकांनी भरलेल्या भिंती. आम्ही पाच जण गेलो, खालाही होत्या. साहेबांनी पावत्या उलटून पाहिल्या आणि सगळं माझ्यावर सोडा, म्हणाले. ज्यांच्याकडे पावती नाही ते पाच वगळा, नाहीतर बावीस जणांची केस कच्ची होते. खाला काही तरी विचारायला लागल्या तर साहेबांनी हात वर केला आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "एकानेच बोला. मला एकच माणूस द्या, मी त्याच्याशीच बोलेन." त्यांचं ज्ञान खोटं नव्हतं. पावती नसलेल्यांची बाजू लंगडी, हे खरंच. पण त्यांच्या केबिनमध्ये सत्तावीस जणांचा एक माणूस होणार होता, आणि तो बहुधा आम्ही झालो असतो. परतीच्या एसटीत खाला खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. आम्हालाही शब्द सुचला नाही.

तिसऱ्या वकीलबाई. वय पस्तिशीच्या आसपास, ग्राहक आयोगातलं काम जास्त. नाव सुचवलं ते आमच्या केंद्रातल्या एका शिक्षिकेने. तिच्या सोसायटीचं बिल्डरविरुद्धचं प्रकरण त्यांनी चालवलं होतं. ते प्रकरण त्या शंभर टक्के जिंकल्या नव्हत्या, हेही तिने सांगितलं. आम्हाला ते आवडलं.

बाईंच्याकडे जाण्याआधी आम्ही एक काम केलं, आणि ते कुणालाही घरबसल्या करता येतं. मोबाइलवर ई-कोर्ट्सचं ॲप आहे. त्यात जिल्हा निवडून वकिलाचं नाव टाकलं की जिल्हा न्यायालयातली त्यांची प्रकरणं दिसतात. प्रकरण उघडलं की तारखा दिसतात, अनेकदा त्या दिवशी काय झालं तेही दिसतं. हार-जीत यावरून ठरवू नका. चांगले वकीलही हरतात. पण वकील तारखेला हजर असतात का, प्रकरणं गैरहजेरीत निकाली निघतात का, पुढच्या तारखा कोण मागतं, याचा अंदाज येतो. आमच्या मोठ्या साहेबांच्या बऱ्याच प्रकरणांत ज्युनिअरने मुदत मागितल्याच्या नोंदी होत्या. बाईंच्या नावावर प्रकरणं कमी होती, पण जी होती ती सरकत होती. सनद खरी आहे का, हे आपल्याकडे बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा यांच्याकडे विचारता येतं.

बाईंनी पहिला अर्धा तास काहीच आश्वासन दिलं नाही, नुसते प्रश्न विचारले. पैसे कुणी चेकने दिले, कुणी फोन-पेने, कुणी रोख? कुणाच्या हातात? व्हॉट्सॲपचे मेसेज आहेत का, की काढून टाकलेत? पासपोर्ट कुणाकडे आहेत? मग खालांच्याकडे वळून म्हणाल्या, "आजी, त्या माणसाने तुमचा फोटो घेतला होता का व्हिसासाठी?" घेतला होता. फोटो स्टुडिओत त्यानेच नेलं होतं, स्टुडिओवाल्याला पैसेही त्यानेच दिले होते. आणि टूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये खालांच्या सुनेचा नंबर होता, रूममध्ये कोण कुणाबरोबर याची यादी त्यात आली होती, तिच्यात खालांचं नाव होतं. बाईंनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, "पावतीइतकं बळकट नाही. पण शून्यही नाही. तुम्हाला मी खोटी आशा देणार नाही आजी, तुमचं बाकीच्यांपेक्षा अवघड आहे."

"अवघड है, पर है ना?" खालांनी आम्हाला विचारलं. आहे, म्हणालो.

मग त्यांनी रस्ता समजावला. आमच्यासारख्या माणसांना कळेल असा, म्हणून इथे सांगतो. ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 च्या कलम 35 प्रमाणे एक किंवा काही ग्राहक, सारखंच गाऱ्हाणं असलेल्या सगळ्यांच्या वतीने तक्रार करू शकतात, पण त्याला आयोगाची परवानगी लागते आणि बाकीच्या लोकांना नोटीस द्यावी लागते. हा झाला प्रातिनिधिक दावा. दुसरा प्रकार साधा. जेवढी माणसं पुढे आली तेवढ्यांनी आपापल्या नावाने एकच संयुक्त तक्रार करायची. बंगळुरूच्या एका गृहप्रकल्पात 1134 फ्लॅट होते. त्यातल्या 51 फ्लॅटच्या 91 खरेदीदारांनी सगळ्यांच्या वतीने म्हणून तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये सांगितलं, सगळ्यांच्या वतीने धरता येणार नाही, सगळ्यांचं हित सारखं आहे हे तक्रारीत दाखवलेलं नाही, पण त्या 91 जणांची संयुक्त तक्रार म्हणून ती चालेल. बाई म्हणाल्या, "तुमची नावं मोजकी आहेत, सगळे समोर आहेत. उगाच शंभर जमवू नका. संयुक्त तक्रार करू." मुंबईच्या गृहस्थांना शंभर कशाला हवे होते, ते तेव्हा लक्षात आलं. तीस टक्के कशाचे, हा प्रश्न होता.

त्या गृहस्थांनी आणखी एक ठोकून दिलं होतं, की टूरवाल्याचं मुख्य ऑफिस मुंबईत म्हणून दावा मुंबईतच लागेल. ते चूक निघालं. 2019 च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. भरलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग पुरतो. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची. पुष्कळ लोक 'आज देतो, उद्या देतो' ऐकण्यात ती घालवून बसतात. ग्राहक आयोगात वकील सक्तीचा नाही, एकट्या माणसाला स्वतः उभं राहता येतं, हेही बाईंनी स्वतःच सांगितलं. ज्या वकिलाने स्वतःच्या पोटावर पाय देणारी माहिती आधी सांगितली, त्याच्याकडे जायला हरकत नाही, असं चाचा म्हणाले. आम्हालाही पटलं. सत्तावीस जणांचे कागद आम्हाला झेपणारे नव्हते.

फी प्रत्येकी 2000 रुपये, तीन हप्त्यांत. टायपिंग, झेरॉक्स, नोटिशीचा खर्च वेगळा, पावतीसह. सगळं लेखी. ज्यांना तेवढंही जड होतं त्यांना त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायला सांगितलं. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइनचा नंबर 15100. आपल्या किती भगिनींना हे माहीत आहे? खाला मात्र म्हणाल्या की सगळ्यांबरोबरच राहीन, आणि 2000 रुपये त्यांनी ब्लाउजच्या ऑर्डरीतून वेळेवर दिले. आम्ही भरतो म्हटलं तर रागावल्या.

मग बाईंनी एक प्रश्न विचारला. तो आधीच्या दोघांनीही विचारला नव्हता. "समजा उद्या टूरवाला म्हणाला, पावतीवाल्या बावीस जणांना काही तरी देतो, बाकीच्या पाचांना काही नाही. तुम्ही काय कराल?"

कुणी बोललं नाही. त्या म्हणाल्या, "हे आज ठरवा. मी सत्तावीस जणांची वकील आहे. तुमच्यात दोन बाजू पडल्या तर मला दोन्हीकडून बोलता येणार नाही. मग मला बाजूला व्हावं लागेल."

एका वकिलावर अनेकांनी विश्वास टाकायचा म्हणजे काय, ते त्या एका प्रश्नात होतं. सामूहिक दाव्यात समोरचा माणूस सगळ्यांना हरवायला बघत नाही. त्याला फक्त फोडायचं असतं. आणि वकिलाला लवकर निकाली काढायचं असेल तर त्यालाही ती फूट सोयीची पडते. म्हणून वकीलपत्र वाचायचं. छापील वकीलपत्रात तडजोड करणे, रक्कम स्वीकारणे, दावा काढून घेणे असे अधिकार ओळीत दिलेले असतात, बारीक अक्षरांत. आम्ही बाईंच्याच समोर बसून ते वाचलं. त्यांनी स्वतः रक्कम स्वीकारण्याचा अधिकार पेनने खोडला, म्हणाल्या, पैसे ज्याचे त्याच्या खात्यात जावेत. वेगळ्या पत्रात लिहून दिलं की कुठलीही तडजोड प्रत्येकाच्या लेखी संमतीशिवाय त्याच्यापुरती होणार नाही. बहुमत कुणावर लादायचं नाही, आणि कुणाला अडवायचंही नाही. बाई म्हणाल्या की दिवाणी न्यायालयातल्या प्रातिनिधिक दाव्यात तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय तडजोड होतच नाही, तसा नियमच आहे. संयुक्त तक्रारीत आपणच एकमेकांचे पहारेकरी.

मूळ पावत्या आम्ही कुणाला दिल्या नाहीत. चाचांच्या घरी लोखंडी पेटीत आहेत, दाखवायच्या दिवशी निघतात. वकील बदलायची वेळ आली तर फी बाकी आहे म्हणून वकिलाला अशिलाचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच सांगितलंय. पण तो निकाल दाखवत भांडत बसण्यापेक्षा पेटी बरी.

एवढी काळजी कशाला, असं काहींना वाटलं. त्यांना आम्ही मे 2024 चा निकाल सांगितला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात येत नाही. म्हणजे ज्या आयोगात आम्ही टूरवाल्याला उभं केलं, तिथे उद्या वकिलाला उभं करता येणार नाही. गैरवर्तणूक केली तर बार कौन्सिलकडे तक्रार करता येते, पण बुडालेलं प्रकरण त्याने परत उभं राहत नाही. निवड चुकली तर दुसरी खिडकी फार छोटी आहे.

बाई आपल्या जमातीतल्या नाहीत, यावरही थोडी कुजबुज झाली. आपला वकील असता तर मनापासून लढला असता, असं एक-दोघांना वाटलं. "टूरवाला कुणाचा होता?" मागून कुणी तरी हळूच म्हणालं. कुजबुज थांबली.

तक्रार दाखल झाली. पहिल्या रविवारी जोहरनंतर आमची बैठक असते. भोपाळसारखी दर शनिवारी नाही जमत, महिन्यातून एकदा. बाई प्रत्येक तारखेनंतर व्हॉट्सॲपवर चार ओळी पाठवतात, त्या आम्ही मोठ्याने वाचतो, एकदा मराठीत आणि एकदा घरच्या बोलीत. कधी कधी चार ओळींत एवढंच असतं की समोरच्या वकिलाने मुदत मागितली. तरी वाचतो. 'काहीच झालं नाही' हेसुद्धा कळलं की माणूस शांत झोपतो.

आठव्या महिन्यात पत्र आलं. बाईंनी जसं विचारलं होतं अगदी तसं. पावतीवाल्यांना सत्तर टक्के, दोन हप्त्यांत. बाकीच्यांच्या बाबतीत आमच्या अशिलास काहीही माहिती नाही.

त्या रविवारी हॉल भरला होता. पत्र वाचून झालं. सत्तर टक्के म्हणजे 64 हजार 400 रुपये, हा हिशेब या वेळी प्रत्येकाने मनात केला असणार. खाला भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमे लेव. मेरे वास्ते कोई मत रुको." कुणी वर बघितलं नाही. मग एक भाई उठले. त्यांच्या घरी डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा. त्यांनी संमतीच्या कागदावर सही केली आणि खालांच्या समोर येऊन उभे राहिले. काय बोलावं त्यांना कळेना. खालांनीच त्यांना खाली बसवलं आणि बायकोच्या तब्येतीची चौकशी केली. आणखी दोघांनी सही केली, एकाच्या घरी लग्न होतं, एकावर कर्ज. त्यांना कुणी एक शब्द बोललं नाही, हे आमच्या गावाबद्दल आम्ही अभिमानाने लिहितो. पावतीवाल्यांपैकी एकोणीस जणांनी सही केली नाही.

आता चोवीस जण उरलो आहोत. बाईंनी उलट पत्र पाठवलं आहे, जे द्यायचं ते चोवीस जणांना सारखं. टूरवाल्याच्या गावातल्या माणसाला साक्षीला बोलवावं असा अर्जही केला आहे. स्टुडिओवाल्याने शपथपत्र द्यायला आधी टाळाटाळ केली, पण मागच्या आठवड्यात तो स्वतःहून बाईंच्या ऑफिसात जाऊन आला.

पुढची तारीख मंगळवारची आहे. आम्हाला शाळा आहे, चाचा आणि खाला जाणार आहेत. सात वाजताची एसटी. तारखेला यायची गरज नाही असं बाईंनी दोनदा कळवलं, तरी खाला प्रत्येक वेळी जातात, आयोगाच्या बाकावर बसतात, आणि बाई आतून बाहेर आल्या की विचारतात, आज काय झालं. बाई उभ्या उभ्या सांगतात.